दख्खन की टोरिमा

आमच्या ह्यांना शेजारी बसवून गाडी चालवायची म्हणजे चालवणाऱ्याची परीक्षाच. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात असलं तरी ह्यांचा उजवा पाय आपली गाडी चालवतच असतो. पुढे सायकल दिसली की पाय खाली, कुत्रं आडवं आलं की पाय खाली. सिग्नल लांब असतो तोवर ह्यांनी पायाखालचं रबर दाबून दाबून चपटं केलेलं असतं. रिक्षात मागे बसले तरी तेच. मी पूर्वी म्हणायची, "अहो, रिक्षावाल्याला सांगा की, तू नुसतं हँडल धर, ब्रेक आमच्याकडं हाय." शिवप्पा गेल्यापासून मात्र मी ही चेष्टा सोडली.

शिवप्पा म्हणजे माझे धाकटे दीर. करोनाच्या आधीच्या वर्षी, मोहोळच्या पुढे, भर दुपारी त्यांची टोरिमा गाडी रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रेलरच्या बुडाखाली शिरली. ऊन लख्ख होतं, रस्ता सरळ होता, ट्रेलर लांबून दिसत होता. आणि रस्त्यावर टायर घासल्याची एक रेघसुद्धा नव्हती. पोलीस म्हणाले, डोळा लागला असेल. भावकीतल्या दोन-चार भल्या माणसांनी हळूच विचारलं, घेत होते का? शिवप्पा सुपारीसुद्धा खात नव्हते. त्या माणसांना मी त्यानंतर चहा विचारला नाही.

कंपनीचा माणूसही येऊन गेला. त्यानं सगळं उघडून पाहिलं आणि ब्रेकमध्ये दोष नाही असं सांगितलं. तिथंच, त्याच्या तोंडावर, ह्यांनी निकाल दिला, "तुमच्या गाडीचा ब्रेक फेल झाला. माजा भाऊ झोपला न्हवता." त्या दिवसापासून टोरिमा हे नाव आमच्या घरात कुणी घेत नव्हतं. ह्यांचं बरोबर की चूक, मी कधी विचारत बसले नाही. ब्रेक फेल झाला नसेल तर भाऊ झोपला होता, नाहीतर प्यायला होता. त्यापेक्षा कंपनीला शिव्या देणं बरं. कंपनीला काय, तिला बायको नसते, तिला रात्री रडू येत नाही.

शिवप्पांची बायको पार्वतम्मा आमच्याजवळच राहते. मूलबाळ नाही. त्या गाडीतलं तिच्याकडे एवढंच आलं, तो नारळ आणि त्याचं लाल फडकं.

नारळाचं सांगायला हवं. आमच्या घरात नवी गाडी आली की सिद्धेश्वराच्या देवळात दाखवून आणलेला नारळ फोडत नाहीत. लाल फडक्यात बांधून चालवणाऱ्याच्या सीटखाली ठेवतात. माझ्या सासऱ्यांच्या जीपपासूनची ही रीत. घरातला मोठा माणूस नारळ ठेवतो, आणि मग चालवणाऱ्याच्या जिवाचा भार त्या नारळावर. शिवप्पांच्या टोरिमात ह्यांनीच तो ठेवला होता. गाडीचा पुढचा भाग कागदासारखा चुरगळला होता, शिवप्पांना बाहेर काढायला पत्रा कापावा लागला, आणि त्यांच्या पायांपाशी हा नारळ मिळाला. अख्खा. कुठं तडा नाही. फक्त अंगावर बोटभर लांब एक आडवी खाच पडलेली.

लोक बघायला येत. पार्वतम्मानं तो देवघरात लिंगाच्या शेजारी ठेवला. रोज सकाळी आंघोळ झाली की ती त्याला विभूती लावते. खाचेत बोटानं भरून भरून लावते. "एवडा मार ह्यानं सोसला, अक्का," ती मला म्हणायची, "पण त्येंचा जीव न्हाय वाचवता आला ह्याला." इतक्या वर्षांत आतलं खोबरं सुकून सुटलं होतं. उचलला की आत खुळखुळ वाजायचा.

तर अशा घरात आमच्या लेकीला, काव्याला, टेंभुर्णीला नोकरी लागली.

काव्या जनावरांची डॉक्टर. तिथल्या एका दूध डेअरीनं तिला घेतलं. राहायला खोली टेंभुर्णीत, काम आजूबाजूच्या वस्त्यांवर, म्हणजे गाडीशिवाय गत्यंतर नाही. आणि शनिवारी घरी यायचं तर रस्ता तोच, मोहोळचा. बातमी ऐकून मी पेढे आणले. हे पेढा हातात घेऊन तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "गाडी कुठली घ्यायची?"

पुढचे काही महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. माग बंद ठेवून हे गेटवर उभे राहायचे आणि येईल त्या गाडीवाल्याला थांबवायचे. गाडी किती वर्षं झाली? रस्त्यात कधी दगा दिलाय का? घाटात ब्रेक तापतो का? लोक आधी कौतुकानं सांगायचे, मग ह्यांना बघून दुसऱ्या गेटनं जायला लागले. घरी आले की मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ. एखादा पोरगा गाडीचं कौतुक करायला लागला की हे म्हणायचे, "नव्या गाडीचं काय सांगतो रे. नवा माग पण गप चालतो. धा वर्सानं काय करती ते सांग."

एवढं खरं होतं. पण ह्यांचा तराजू मला दिसत होता. दख्खन कंपनीची गाडी कुणाची बंद पडली म्हटलं की हे विचारायचे, "ऑइल बदललं होतं का? कोण चालवत होतं?" टोरिमा बंद पडली म्हटलं की मान हलवायचे, "मी म्हटलं न्हवतं?" दख्खनच्या बाबतीत चूक माणसाची, टोरिमाच्या बाबतीत चूक कंपनीची.

काव्यानं तिच्या पद्धतीनं चौकशी केली होती. ती एक दिवस जेवताना सरळ म्हणाली, "अप्पा, मला टोरिमा घ्यायचीय."

पार्वतम्माच्या हातातली भाकरी ताटात पडली.

"मी उगीच न्हाय म्हणत," काव्या म्हणाली. "आमच्या डेअरीच्या सगळ्या जुन्या गाड्या टोरिमाच हायत. शेजारच्या अभिमन्यूदादाची टॅक्सी बघा. सगळा महाराष्ट्र फिरून आली, अजून इंजिन उघडलं न्हाय. दख्खन दणकट हाय, पण जड हाय. जुनी झाली की वाजायला लागती, सगळे सांगतात."

"वाजू दे. ब्रेक लागतो न्हवं?"

"टोरिमाचा पण लागतो, अप्पा."

"शिवाचा लागला न्हाय."

काव्यानं माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे पाहिलं. मला मनातून तिचं पटत होतं, पण मी गप्प बसले, कारण तोवर ह्यांची भीती मलाही लागली होती. अशी भीती घरात एकाला आली की बाकीच्यांना लागायला वेळ लागत नाही. पोरगी स्कूटरवर भाजी आणायला गेली तरी मी गॅस बारीक करून फाटकाच्या आवाजाकडे कान देऊन बसायची. मला तिचा चेहरा दिसायचा, आणि लगेच तो कापलेला पत्रा दिसायचा. देवा, असलं काही डोळ्यांपुढे आणू नको, असं म्हणतानाच ते येत होतं.

शेवटी पार्वतम्माच रडली आणि काव्यानं हट्ट सोडला. दख्खन आली. काळी, उंच, दार लावलं की घर हलल्यासारखा आवाज.

पूजा रविवारी सकाळी दारातच केली, कारण पूजा झाली की लगेच काव्याला घेऊन आम्ही दोघं टेंभुर्णीला निघणार होतो. तिची खोली लावून द्यायची होती. मागच्या सीटवर माझ्या शेजारी शेगडी, कडक भाकरीचा डबा, शेंगाचटणीची बरणी, अंथरुणाची वळकटी असा संसार रचलेला. पूजा सांगायला आलेल्या स्वामींनी गाडीवर विभूतीचे पट्टे ओढले, चाकाखाली लिंबं ठेवली. ह्यांनी देवळातून आणलेला नवा नारळ पिशवीतून काढला.

तेवढ्यात पार्वतम्मा आतून आली. तिच्या दोन्ही हातांत तो नारळ होता. खाच पांढरी भरलेली, कपाळासारखी.

"भावजी, नवा नको. ह्यो ठेवा," ती म्हणाली. "ह्यानं सगळं बगितलंय. ह्यो माज्या पोरीला सांबाळतो."

ह्यांचे डोळे भरून आले. तिनं नारळाखाली धरलेलं लाल फडकं घेऊन ते उलगडायला लागले.

"चिक्कव्वा, तुला रोज पूजेला लागतो की तो," काव्या म्हणाली. तिला तो गाडीत नको होता, हे मला कळत होतं. पण काकीला असं तोंडावर नाही म्हणणार कोण?

"तू शनिवारी येशील न्हवं? मग शनिवारी करीन पूजा."

काव्यानं निदान तो डिकीत ठेवायचं सुचवलं. हे म्हणाले, "डिकीत सामान ठेवतात. चालवणाऱ्याच्या खालीच पायजे." आणि खाली वाकून, धापा टाकत, ह्यांनी तो सीटखाली सारला. फडक्याची टोकं सीटच्या पट्टीला बांधली. फडकंही तेच होतं, शिवप्पांच्या गाडीतलं, ऊन-धुरानं जीर्ण झालेलं. नवं फडकं घेऊ का म्हणून मी विचारणार होते. पण पार्वतम्मा हात जोडून उभी होती.

निघालो. लिंबं चिरडली गेली, पार्वतम्मानं चाकांवर पाणी ओतलं.

काव्या छान चालवते. मी मागून तिच्या वेणीकडे बघत होते आणि ह्यांच्या पायाकडे. शहर संपेपर्यंत पाय खाली-वर, खाली-वर. पुण्याच्या हायवेला लागल्यावर तो जरा थांबला. हे खूश होते. "बगितलीस गाडी? रस्ता सोडत न्हाय. टोरिमा असती तर ह्या वाऱ्यानं हालली असती." काव्या हसली. गळीत हंगाम चालू होता. उसाच्या डबल ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर कडेनं चालले होते, ऊस बाहेर लोंबत होता. प्रत्येक ट्रॉली मागे पडली की मी नकळत श्वास सोडत होते.

मोहोळ गेलं. पुढे ती जागा आली. तिथं काही खूण नाही, नुसती दुभाजकातली कण्हेर. पण आम्हाला ती कण्हेर ओळखू येते. "जरा हळू घे," हे म्हणाले. काव्यानं ब्रेक लावला, गाडी मंदावली. ह्यांनी हात जोडले, मीही जोडले. काव्यानं पुन्हा वेग घेतला.

आणि तेव्हापासून आवाज यायला लागला. खुळखुळ. थांबला. पुन्हा खुळखुळ, खड्.

ह्यांचे कान उभे राहिले. "काय वाजतंय?"

"सामान वाजत असंल की," मी म्हणाले, आणि बरणी मांडीवर घेतली. आवाज चालूच होता. पुढून येत होता, खालून.

"नव्या गाडीला आवाज?" ह्यांच्या कपाळावर घाम आला. "दख्खनचा असा आवाज न्हाय. मी एवड्या गाड्या ऐकल्या."

"अप्पा, मी कडेला घेते. बघू या काय हाय."

"न्हाय!" हे एवढ्यानं ओरडले की माझ्या मांडीवरची बरणी कलंडली. "हायवेवर थांबायचं न्हाय. त्यो ट्रेलर असाच थांबला होता. मागनं कोणतरी येऊन आत शिरंल. पुढं हॉटेल लागंल तितं आत घे. चालत ऱ्हा."

मला त्या घडीला वाटलं, पोरीनं ह्यांचं ऐकू नये. का वाटलं ते सांगता येत नाही. पण काव्यानं ऐकलं. लहानपणापासून ह्या एका बाबतीत ती ऐकत आली, बापाच्या डोळ्यांत ती भीती दिसली की ती पुढे बोलत नाही.

पुढे दुभाजकाला मोकळी जागा होती. तिथून एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आडवा रस्त्यात आला. लांब होता. आमच्या काव्याला सहज थांबता आलं असतं. ह्यांचा पाय खाली गेला. काव्याचाही गेला असणार.

गाडी मंदावली नाही.

"काव्या," हे म्हणाले.

"लागत न्हाय." तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "अप्पा, ब्रेक लागत न्हाय. खालीच जात न्हाय."

मी ओरडले की नाही मला माहीत नाही. मला उसाची टोकं दिसत होती, हिरवी, ट्रॉलीच्या मागे लोंबणारी, आणि ती मोठी मोठी होत होती. मला शिवप्पा दिसले. खरंच दिसले, पुढच्या सीटवर बसलेले, समोर बघणारे. मी माझ्या पोरीच्या वेणीला हात लावला. एवढंच मला करता आलं. देवाचं नावसुद्धा आठवलं नाही.

काव्या मात्र जागी होती. तिनं गिअर खाली ओढला, गाडी किंचाळली, पुन्हा ओढला. हँडब्रेक वर खेचत तिनं स्टिअरिंग डावीकडे वळवलं. गाडी डांबरावरून उतरली, मुरमाड कडेवरून उडाली, तोडलेल्या उसाच्या रानात शिरली. भाकरीचा डबा माझ्या डोक्यावरून गेला. आणि जनावरांसाठी रचलेल्या उसाच्या वाढ्यांच्या ढिगात नाक खुपसून आम्ही थांबलो.

रस्त्यावर तो ट्रॅक्टरवाला एकदा मागे बघून निघून गेला.

"कुणाला लागलं का?" काव्यानं विचारलं. कुणाला लागलं नव्हतं. मी तिचे खांदे, मान, डोकं चाचपत होते. ती म्हणत होती, "अव्वा, बस की, ठीक हाय मी."

हे पुढे बघत होते. काचेवर हिरवी पानं चिकटली होती, त्यांच्याकडे. "दख्खनचा पण?" ते म्हणाले. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला. "एवडं विचारलं. एवड्या लोकांला विचारलं. दख्खनचा पण ब्रेक फेल?" मला त्यांची एवढी दया कधी आली नव्हती. महिनोनमहिने ज्या एका नावाला धरून हे झोपत होते, ते नाव गेलं होतं.

काव्या खाली उतरली. दार उघडं ठेवून, गुडघ्यांवर बसून तिनं पायांच्या जागेत डोकं घातलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग हात घालून तिनं काहीतरी ओढलं. सहज निघेना. पेडल वर उचलून तिनं ते ओढून काढलं.

नारळ होता.

"ब्रेक चांगला हाय, अप्पा," ती म्हणाली. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "फडकं फाटलं. ह्यो पेडलच्या खाली जाऊन बसला होता. मी दाबत होते आणि ह्यो खालून धरत होता."

तिनं आत बसून ब्रेक दाबला. पेडल मऊ खाली गेलं, वर आलं.

ह्यांचा चेहरा उजळला. एवढ्या भीतीनंतर माणसाचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. "मंजे कंपनीचा दोष न्हाय!" हे उतरून तिच्याकडे आले, मागोमाग मीही. "मी म्हटलं न्हवतं? दख्खनचा ब्रेक जाणारच न्हाय. त्यो आवाज पण नारळाचा. आण हिकडं." त्यांनी नारळ हातात घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि ते माझ्याकडे वळले. "आणि बग की भुवने, एवडं होऊन तडा न्हाय! त्या वेळेला पण—"

त्या वेळेलाही तडा गेला नव्हता.

त्या वेळेला नारळ कुठं मिळाला होता? पायांपाशी. फडक्याच्या बाहेर. मी काव्याकडे पाहिलं, ती माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. पेडलखालून नारळ ओढतानाच कळलं असणार, म्हणून ती एवढा वेळ बोलली नव्हती.

जीव वाचला म्हणून जी भीती गेली होती, तिच्या जागी दुसरी आली, आणि ही जास्त वाईट होती. ह्यांना कळता कामा नये. ज्या माणसानं स्वतःच्या हातानं भावाच्या सीटखाली नारळ ठेवला, त्याला हे कळून चालणार नाही. तो जगणार कसा?

"अहो, चला," मी म्हणाले. "तो ठेवा हिकडं, माज्याजवळ द्या. उन्हात कशाला उबं ऱ्हायचं. पुढं च्या घेऊ."

"अप्पा, उशीर होतोय," काव्याही म्हणाली, आणि तिनं हात पुढे केला.

ह्यांनी नारळ दिला नाही. ते तो पुसत होते. अंगठा त्या जुन्या खाचेवर आला, विभूती भरलेल्या, आणि सवयीनं तिथं थांबला. मग अंगठा जरासा सरकला. शेजारी दुसरी खाच होती. ताजी, पिवळट, कडांना करवंटीचा भुसा लागलेली. तशीच आडवी. तशीच बोटभर.

ह्यांनी अंगठा जुन्या खाचेवर नेला. नव्या खाचेवर आणला. पुन्हा जुन्यावर नेला. रस्त्यानं गाड्या जात होत्या, दख्खन, टोरिमा, सगळ्या. ह्यांनी एकीकडेही पाहिलं नाही.

"शिवा झोपला न्हवता," हे म्हणाले.

"अहो—"

"दाबत होता त्यो." त्यांनी जुन्या खाचेतली विभूती नखानं खरवडून काढली. पार्वतम्मानं इतक्या वर्षांत भरलेली, थरावर थर. खाली खाच खोल होती, नव्या खाचेपेक्षा कितीतरी खोल. "बग. लई जोरात दाबलाय. शेवटपर्यंत दाबत होता. आणि ठेवला कुणी? मी ठेवला की. ह्या हातानं."

काव्यानं त्यांच्या कमरेला मिठी मारली. लहानपणी मारायची तशी. ते तिला धरूही शकले नाहीत, दोन्ही हातांत नारळ होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पार्वतम्माचा. फोनवर मला नीट ऐकू येत नाही म्हणून माझा फोन नेहमी स्पीकरवर असतो, आणि त्या गोंधळात मी तो घेतला.

"अक्का, कुटं हाय तुमी? माजा जीव हितं ऱ्हात न्हाय. पोचला का?"

"पोचतोच हाय," मी म्हणाले.

"नारळ हाय न्हवं नीट? काव्याला सांग, हलवू नको म्हणावं. त्यो हाय म्हणून मी हितं बसले तरी."

मी काही बोलायच्या आत ह्यांनी फोन ओढून घेतला. मी देवाला विनवलं, नका सांगू, फोनवर नका सांगू, तिच्याजवळ घरात कुणी नाही. ह्यांनी फोन तोंडाशी धरला आणि 'हं' एवढंच म्हटलं.

"भावजी? ऐकू येतंय का? नारळ हाय न्हवं?"

"हाय," हे म्हणाले.

"नीट हाय?"

"व्हय. माज्या हातातच हाय. तडा न्हाय गेला."

"बरं झालं," पार्वतम्मा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

काव्यानं सीटखाली दोन्ही बाजूंनी हात घालून पाहिलं. फाटकं फडकं काढून घडी करून माझ्याजवळ दिलं. ब्रेक दाबून पाहिला, गाडी ढिगातून मागे घेतली, पुन्हा दाबून पाहिला. हे पुढच्या सीटवर बसायला तयार नव्हते. मी वळकटी पुढे टाकली आणि माझ्या शेजारी त्यांना जागा केली. ते नारळ मांडीवर घेऊन बसले, एका हातानं घट्ट धरून, दुसरा हात माझ्या हातात.

पुढे रस्ता मोकळा होता. समोर ट्रॉली नव्हती, ट्रेलर नव्हता, काही नव्हतं. तरी ह्यांचा उजवा पाय खाली गेला. मी बघत होते. टेंभुर्णी येईपर्यंत तो त्यांनी वर घेतला नाही.